पुण्यात नोंदणीकृत रिअल इस्टेट एजंट व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात इस्टेट एजंटचं काम करताना नव्याने या धंद्यात येणारी बरीच मुलंमुली, निवृत्त मंडळी आणि गृहिणी भेटतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, 'लायसन्स कसं काढायचं?' तो प्रश्न आणि त्याच्या मागोमाग येणारे बाकीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. परवान्याचा भाग सोपा आहे. त्यानंतर जे शिकावं लागतं ते कोणी नीट सांगत नाही, म्हणून त्यावर जास्त लिहिलं आहे.

एजंटचं काम करायला नोंदणी खरंच लागते का?

बिल्डर विकत असलेल्या, महारेरात (महाराष्ट्राच्या रिअल इस्टेट नियामक प्राधिकरणात) नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट, दुकान किंवा प्लॉट विकायला मदत करून मोबदला घेणार असाल, तर लागते. रेरा, म्हणजे रिअल इस्टेट (नियमन आणि विकास) कायदा, २०१६ चा आहे आणि १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे लागू झाला. त्याच्या कलम ९ प्रमाणे नोंदणी नसताना असं काम करता येत नाही. एजंटची व्याख्याही मोठी आहे. दलाल, मध्यस्थ, प्रॉपर्टी डीलर, चॅनल पार्टनर असं काहीही म्हणवून घेतलं, फोनवरून पार्टी जोडून दिली किंवा इंटरनेटवरून, आणि त्याबद्दल कमिशन किंवा फी घेतली, की तुम्ही एजंट ठरता. 'मी फक्त ओळख करून दिली' हे तिथे चालत नाही.

मी फक्त भाड्याची आणि रिसेलची कामं करणार आहे. मग?

कलम ९ बिल्डरकडून होणाऱ्या विक्रीबद्दल बोलतं. भाड्याने घर लावून देणं किंवा जुन्या सोसायटीतला फ्लॅट एका मालकाकडून दुसऱ्याला मिळवून देणं या कामांना या कलमाखाली नोंदणीची सक्ती नाही. तरीही माझा सल्ला नोंदणी करून घेण्याचाच आहे. पुण्यात रिसेल शोधायला आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत 'एखादा नवीन प्रोजेक्टही दाखवा' म्हणतंच. त्या वेळी हात आखडता घ्यावा लागू नये.

शिक्षण किती लागतं? वयाची अट?

पदवीची अट नाही. सज्ञान असावं, पॅन आणि आधार असावं. बारावी झालेला मुलगाही करू शकतो आणि साठी उलटलेले काकाही. पण प्रशिक्षण आणि परीक्षा कोणालाही चुकत नाही.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्रक्रिया कशी असते?

जानेवारी २०२३ मध्ये महारेराने आदेश काढून एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. त्यामुळे क्रम असा: आधी महारेराने मान्यता दिलेल्या संस्थेकडून २० तासांचं प्रशिक्षण घ्यायचं. ते ऑनलाइनही होतं. मग परीक्षा द्यायची. ती आयबीपीएस घेते, म्हणजे बँकांच्या भरतीपरीक्षा घेणारीच संस्था. पास झालात की सक्षमता प्रमाणपत्र मिळतं. ते हातात आल्यावर महारेराच्या संकेतस्थळावर खातं उघडून नोंदणीचा अर्ज करायचा. कायद्यात या अर्जाला 'नमुना जी' म्हणतात. सगळं ऑनलाइन आहे, त्यासाठी मुंबईत बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) मुख्य कार्यालयात जाऊन रांग लावावी लागत नाही.

'आमच्याकडून करा, परीक्षा न देता नंबर काढून देतो' असं सांगणारा कोणी भेटला तर त्याला पैसे देऊ नका.

परीक्षा अवघड असते का?

अभ्यास केला तर नाही. पर्यायी उत्तरांचे प्रश्न असतात आणि मराठीतून देता येते. बरेच जण 'मी वीस वर्षं धंद्यात आहे, मला काय विचारणार' म्हणून पुस्तक न उघडता बसतात आणि अडकतात. परीक्षा धंद्यातल्या अनुभवाची नसते, कायद्याची असते. रेराप्रमाणे कार्पेट क्षेत्रात काय मोजतात? बाल्कनी त्यात येते का? करार नोंदवण्याआधी बिल्डर किती रक्कम घेऊ शकतो? प्रकल्पाची नोंदणी कुठल्या आकाराच्या पुढे लागते? विचारतात ते असं. उत्तरंही सांगून ठेवतो. भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र धरतात, घराच्या आतल्या भिंतीही त्यात येतात, पण बाल्कनी, गच्ची आणि बाहेरच्या भिंती येत नाहीत. नोंदणीकृत कराराआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाला नोंदणीतून सूट असते.

अर्जासोबत काय काय जोडावं लागतं?

पॅन, आधार, फोटो, धंद्याच्या पत्त्याचा पुरावा, मागच्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं (भरायची गरज नव्हती असं असेल तर तसं घोषणापत्र), फौजदारी प्रकरणं असतील तर त्यांची माहिती, दुसऱ्या राज्यात नोंदणी असेल तर तिचा तपशील. आणखी एक गोष्ट मागतात ती नवख्यांना आठवत नाही: तुमचं लेटरहेड, रबरी शिक्का आणि पोचपावती यांचे नमुने. लोक अर्ज भरता भरता थांबतात आणि शिक्का करून आणायला धावतात. आधीच करून घ्या. नाव अर्जात आणि पॅनवर आहे तसंच्या तसं शिक्क्यावर येऊ द्या, स्पेलिंगसकट.

खर्च किती येतो?

व्यक्ती म्हणून नोंदणी केली तर सरकारी फी १०,००० रुपये. भागीदारी, एलएलपी, कंपनी असेल तर १,००,००० रुपये. प्रशिक्षणाची आणि परीक्षेची फी वेगळी. नोंदणी पाच वर्षांसाठी असते.

मग वैयक्तिक नोंदणी करू की फर्मच्या नावाने?

एकटे असाल तर वैयक्तिक, यात विचार करण्यासारखं काही नाही. दोन मित्र मिळून सुरू करणार असाल तरी पहिली दोन वर्षं दोघांनी आपापली वैयक्तिक नोंदणी काढून काम करावं. एकमेकांशी किती जमतं, हिशेब कसे सांभाळले जातात हे त्या काळात कळतं. फर्म नंतरही काढता येते. आणि फर्म काढली म्हणून माणसांची सुटका होत नाही, ग्राहकांशी बोलणाऱ्या कर्मचाऱ्यांकडेही सक्षमता प्रमाणपत्र हवं.

अर्ज केल्यावर किती दिवसांत नंबर मिळतो?

कायद्यात तीस दिवसांची मुदत आहे. त्रुटी काढली असेल तर ती तुमच्या लॉगिनमध्ये दिसते, म्हणून अर्ज करून निवांत बसू नका, अधूनमधून उघडून पाहत राहा.

हा नंबर मुंबईत, नाशकात, गोव्यात चालतो का?

महाराष्ट्रभर चालतो. जुने नोंदणी क्रमांक पाहिलेत तर पुणे जिल्ह्यातल्या एजंटांचे ए५२१ ने सुरू होताना दिसतील, पण त्यामुळे काम पुण्यापुरतं मर्यादित होत नाही. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवही महारेराच्याच अखत्यारीत आहेत. गोवा वेगळा आहे. पुण्यातल्या पुष्कळ गिऱ्हाइकांना गोव्यात दुसरं घर हवं असतं आणि इथले एजंट बिनधास्त तिथले प्रकल्प दाखवतात. गोव्याच्या रेराकडे वेगळी नोंदणी करावी लागते. ती नसेल तर काम तिथल्या नोंदणीकृत एजंटकडे सोपवा.

नंबर मिळाला. आता आधी काय शिकू?

कागद वाचायला शिका. गोड बोलणं, रील बनवणं, लीड (संभाव्य गिऱ्हाइकांचे फोन नंबर) विकत घेणं हे सगळं नंतर.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांच्या हातात मी पहिल्यांदा सातबारा देतो. तो कसा वाचायचा ते सांगतो. वरचा भाग गाव नमुना सात: गट नंबर, क्षेत्र, मालकांची नावं, प्रत्येकाच्या नावापुढचं क्षेत्र. खालचा भाग गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंद. नवखा माणूस मालकाचं नाव जुळलं की मान डोलावतो. पण खरी गोष्ट 'इतर हक्क' या रकान्यात असते. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, वहिवाटीचा रस्ता, न्यायालयाचा मनाई हुकूम, आणि पुणे जिल्ह्यात खास करून 'पुनर्वसनासाठी राखीव' असा शेरा. धरणग्रस्तांसाठी लाभक्षेत्रात जमिनी राखून ठेवल्या गेल्या, त्यातून तो आला आहे आणि आजही अनेक गावांच्या उताऱ्यांवर दिसतो. मग भोगवटादार वर्ग पाहायचा. वर्ग १ असेल तर मालक साधारणपणे मोकळेपणाने विकू शकतो. वर्ग २ असेल तर सरकारची परवानगी आणि नजराणा (त्यासाठी सरकारला भरायची रक्कम) यांचा प्रश्न येतो. त्यानंतर फेरफारांचे, म्हणजे जमिनीच्या हक्कांत झालेल्या बदलांच्या नोंदींचे, क्रमांक घ्यायचे आणि एकेक फेरफार काढून वाचायचा. वारसनोंद झाली तेव्हा बहिणींची नावं लागली होती का? हक्कसोड झाली असेल तर ती नोंदणीकृत आहे का? पुण्याच्या आसपासच्या गावांत जमिनींचे भाव वाढले तसे हे वाद बाहेर आले. फ्लॅट घेणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते.

शहरात सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक मिळतं. पेठांतल्या वाड्यांचा प्रकार आणखी निराळा, तिथे भाडेकरूंचे हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असतात आणि ते न सोडवता झालेला व्यवहार पुढे हमखास अडतो.

जमिनीच्या वर काय बांधता येतं तेही पाहावं लागतं. झोन दाखला, म्हणजे ती जागा विकास आराखड्यात कशासाठी दाखवली आहे याचा दाखला, काढा. बावधन, वारजे या बाजूच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे. टेकडीच्या कुशीतला 'स्वस्त बंगलो प्लॉट' दाखवला गेला की आधी हेच तपासायचं. मुळा-मुठेच्या काठाला निळी आणि लाल पूररेषा असते. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. नदीकाठचा फ्लॅट दाखवताना पूररेषा कुठे आहे हे गिऱ्हाइकाने विचारलं नाही तरी तुम्ही सांगायचं.

तुम्ही वकील नाही आणि वकिलाचं काम करायचंही नाही. टायटल सर्च, म्हणजे मालकी हक्काचा शोध, वकिलानेच करायचा. पण वकिलाकडे पाठवण्याआधी चार कागद बघून 'इथे काहीतरी गडबड आहे' एवढं तुम्हाला कळलं पाहिजे. त्याने तुमच्या गिऱ्हाइकाचे महिने वाचतात.

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प दिसला, म्हणजे सगळं ठीक ना?

नाही. नोंदणी म्हणजे प्रकल्पाची माहिती जाहीर झाली आहे. ती वाचायचं काम तुमचं. पहिल्यांदा पूर्ण होण्याची तारीख बघा, मूळ कोणती होती आणि मुदतवाढ किती वेळा घेतली. जमिनीवर आणि प्रकल्पावर कर्ज किती आहे ते बघा. न्यायालयीन प्रकरणांचा भाग उघडा. मंजूर नकाशात किती मजले आहेत आणि माहितीपत्रकात किती दाखवलेत ते ताडून पाहा, वरचे मजले 'प्रस्तावित' असतील तर त्यांना अजून परवानगी मिळालेली नाही. दर तिमाहीला बिल्डरने भरायची माहिती भरली आहे का ते बघा. ती भरली नाही म्हणून नोंदणी स्थगित झालेले प्रकल्पही असतात, आणि स्थगित प्रकल्पात विक्री करता येत नाही.

प्रकल्पाच्या बँक खात्यांचंही लक्षात ठेवा. १ जुलै २०२४ पासून महारेराने तीन खाती एकाच बँकेत ठेवायला लावली आहेत. ग्राहकाचे सगळे पैसे आधी संकलन खात्यात येतात, तिथून किमान ७० टक्के जमीन आणि बांधकामासाठी राखलेल्या खात्यात जातात, उरलेले व्यवहार खात्यात. ग्राहकाने धनादेश कोणाच्या नावाने काढायचा ते यावरून ठरतं. 'कंपनीच्या दुसऱ्या खात्यावर टाका, पावती नंतर देतो' असं सेल्सवाल्याने सांगितलं तर तिथेच थांबायचं आणि गिऱ्हाइकालाही थांबवायचं.

गिऱ्हाइकाला एकूण खर्च कसा सांगायचा?

पहिल्या भेटीत, कागदावर, पूर्ण. समजा वाघोलीत चालू बांधकामातला ६० लाखांचा फ्लॅट आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या हद्दीत मुद्रांक शुल्क मूळ ५ टक्के, स्थानिक अधिभार १ टक्का आणि मेट्रोचा १ टक्का, असं ७ टक्के लागतं. म्हणजे ४ लाख २० हजार. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत आहे, म्हणजे ६० हजार वाचतात. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. बांधकाम चालू आहे म्हणून जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३ लाख. (४५ लाखांपर्यंतच्या आणि ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट असलेल्या परवडणाऱ्या घराला पुण्यात १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घराला शून्य.) किंमत ५० लाख किंवा वर असल्यामुळे खरेदीदाराला १ टक्का टीडीएस कापून भरावा लागतो, तो किमतीतूनच जातो. थोडक्यात साठ लाखांच्या घराला साडेसात लाख वरचे. त्यात पार्किंग, देखभाल खर्चाची आगाऊ रक्कम, कर्जाची प्रक्रिया फी हे अजून आलेलंच नाही.

हा कागद दिला की काही जण 'बजेटच्या बाहेर जातंय' म्हणून निघून जातात. जाऊ द्या. बुकिंग करून दोन महिन्यांनी मुद्रांक शुल्काच्या पैशांसाठी सासऱ्यांकडे हात पसरायची वेळ त्यांच्यावर आली नाही, हे महत्त्वाचं. अशी माणसं वर्षभराने परत येतात आणि थेट तुमच्याकडेच येतात.

टोकनची रक्कम मी माझ्या खात्यात घेतली तर चालेल का?

अजिबात घेऊ नका. नवीन प्रकल्पात पैसे प्रकल्पाच्या खात्यातच जातात. रिसेलमध्ये खरेदीदाराने मालकाच्या नावाने धनादेश द्यावा किंवा त्याच्या खात्यात भरावेत, आणि त्याच दिवशी विसारपावती लिहून घ्यावी: किंमत, मुदत, कागदपत्रं कोणी कधी द्यायची, व्यवहार मोडला तर विसार परत मिळणार का आणि किती दिवसांत. एजंटने रोख टोकन खिशात ठेवलं आणि मालक फिरला, की दोन्ही बाजूंच्या नजरेत चोर एजंट ठरतो. या शहरात चांगल्या माणसांचं नाव यापायी खराब झालेलं मी पाहिलं आहे. पैसे त्यांनी बुडवलेही नव्हते, नुसते 'दोन दिवस' ठेवले होते.

दलाली किती घ्यायची?

रेराने दर ठरवून दिलेला नाही. पुण्यातली रीत साधारण अशी: भाड्याच्या घराला एक महिन्याचं भाडं, रिसेलला एक ते दोन टक्के, नवीन प्रकल्पात बिल्डर देतो आणि खरेदीदाराकडून काही घेत नाहीत. दोन्ही बाजूंकडून घेणार असाल तर दोघांनाही ते माहीत असलं पाहिजे. आकडा घर दाखवायच्या आधी लेखी ठरवा. पाच ओळींचं पत्र पुरतं, अगदी व्हॉट्सॲपवर 'ठीक आहे' असं उत्तर आलं तरी काहीतरी हातात राहतं. तोंडी ठरलेली दलाली खरेदीखताच्या दिवशी निम्मी होते.

भाड्याच्या कामापासून सुरुवात करावी का?

हो, जरूर. पैसे थोडे पण हातात लवकर येतात, आणि परिसर पाठ होतो. हिंजवडी, वाकड, खराडी, विमाननगर इथे वर्षभर मागणी असते. शाळा-कॉलेज आणि नोकरीबदलाच्या हंगामात एप्रिल ते जुलै जास्त.

करारनामा मात्र नीट करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. तो नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात अनामत रकमेवर दहा टक्क्यांनी व्याज धरून मिळवायचं. वीस हजार भाडं, साठ हजार डिपॉझिट, अकरा महिने असं धरलं तर हिशेब साडेपाचशे-सहाशे रुपयांच्या घरात येतो आणि शहरात नोंदणी फी हजार. एवढ्या पैशांसाठी शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून देणारे अजूनही आहेत. तुम्ही करू नका. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देणंही मालकाला सांगा, नुसतं सांगू नका, करून घ्या.

'बॅचलर नको' म्हणणाऱ्या मालकांचं काय, हेही विचारतात. मालकाची अट काहीही असो, मुलांना पाच किलोमीटर बोलावून दारात नकार ऐकवायचा नाही. फोनवरच खरं सांगा. आणि चांगल्या मुलांची हमी तुम्ही घेऊ शकलात तर मालकाशी बोलून बघा. पुष्कळ वेळा ते ऐकतात.

जाहिरातीचे नियम काय?

जाहिरातीत प्रकल्पाचा महारेरा क्रमांक हवा आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही हवा. नसेल तर पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. व्हॉट्सॲप स्टेटस, इन्स्टाग्राम रील, चौकातला फ्लेक्स, या सगळ्या जाहिरातीच आहेत. अजून नोंदणी न झालेल्या प्रकल्पाची 'प्री-लाँच' म्हणून चाहूल देणं तर सरळ उल्लंघन आहे, कलम १० एजंटला त्यापासून स्पष्टपणे रोखतं. तुमचा स्वतःचा नोंदणी क्रमांकही कागदपत्रांवर आणि जाहिरातीत टाका, आणि प्रमाणपत्र ऑफिसात दिसेल असं लावा.

वाघोली, उरुळी, मुळशीकडचे एक-दोन गुंठ्यांचे प्लॉट विकू का?

सगळ्यात जास्त कमिशनची लालूच इथेच दाखवतात आणि सगळ्यात जास्त कुटुंबंही इथेच पोळतात. शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडून विकण्यावर तुकडेबंदी कायद्याने वर्षानुवर्षं निर्बंध घातले होते. त्यात अलीकडे शिथिलता आणण्याची पावलं पडली आहेत, पण म्हणून प्रत्येक गुंठ्याचा व्यवहार आपोआप कायदेशीर होत नाही. मंजूर रेखांकन आहे का, बिनशेती झाली आहे का, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) किंवा महापालिकेची परवानगी आहे का आणि महारेरा नोंदणी लागते तिथे ती आहे का, या चारपैकी एकाचंही उत्तर टाळाटाळीचं आलं तर तो प्लॉट विकू नका. समोर बसलेला रिक्षाचालक किंवा वॉचमन आयुष्यभराची पुंजी घेऊन आलेला असतो. सामायिक खरेदीखतात नाव लागलं म्हणजे स्वतंत्र उतारा मिळाला, असा त्याचा समज असतो. तो समज दूर करायला तुमच्याशिवाय तिथे दुसरं कोणी नसतं.

हवेली क्रमांक अमुक, तमुक म्हणजे काय? सगळे त्याबद्दल बोलतात.

पुण्यातली दुय्यम निबंधक कार्यालयं हवेली तालुक्याच्या नावाने आणि क्रमांकाने ओळखली जातात. तुमच्या भागाला सोयीची दोन-तीन कार्यालयं हेरून ठेवा, तिथे दस्त नोंदवताना एकदा शांतपणे बसून सगळी प्रक्रिया पाहा. दस्त झाल्यावर सूची क्रमांक २, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, ती लगेच तपासून घ्या. नावातली चूक तिथल्या तिथे लक्षात आली तर बरं, पुढे कर्जाच्या वेळी लक्षात आली तर चूकदुरुस्तीचा दस्त करावा लागतो.

जीएसटी आणि आयकराचं काय?

सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी आणि दलालीवर १८ टक्के. बिल्डर दलाली देताना टीडीएस कापतो, ऑक्टोबर २०२४ पासून दर २ टक्के आहे. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. ऑफिस थाटलं तर शॉप ॲक्टखाली सूचना द्यावी लागते. पहिल्याच वर्षापासून वेगळं बँक खातं ठेवा.

नोंदणी नसताना काम केलं तर काय शिक्षा?

कलम ६२ प्रमाणे दिवसाला १०,००० रुपये, आणि हा दंड त्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत वाढू शकतो.

नोकरी सांभाळून करता येईल का?

शनिवार-रविवारी साईट व्हिजिट आणि संध्याकाळी फोन, असं काही महिने जमतं. आयटीतले बरेच जण करतात, पण नेमणूकपत्रात दुसरा व्यवसाय करायला मनाई आहे का ते आधी वाचा. सरकारी नोकरीत असाल तर परवानगीशिवाय करू नका, आणि बायकोच्या नावाने नंबर काढून स्वतः काम करायचा मार्गही धरू नका. नोंदणी ज्याची, काम त्याने करायचं.

पहिल्या वर्षी किती मिळतं?

याचं एक उत्तर नाही. नवीन प्रकल्पातलं बुकिंग झालं तरी करार नोंदला जाईपर्यंत आणि ग्राहकाचे ठरलेले हप्ते येईपर्यंत बिल्डर दलाली सोडत नाही. मग बिल द्या, पाठपुरावा करा. बुकिंगपासून खात्यात पैसे येईपर्यंत तीन-चार महिने सहज जातात. म्हणून घरखर्चाचे किमान सहा महिन्यांचे पैसे बाजूला असतील तरच पूर्णवेळ उतरा. आणि सगळं पुणे कवेत घेऊ नका. कोथरूड घ्या, नाहीतर उंड्री घ्या, पण एकच भाग घ्या. तिथल्या प्रत्येक सोसायटीत पाणी टँकरचं आहे की महापालिकेचं, देखभाल खर्च किती, कन्व्हेयन्स (जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, पुनर्विकासाची चर्चा कुठवर आली आहे, हे न बघता सांगता आलं पाहिजे. ज्याला हे येतं त्याला लीड विकत घ्यावी लागत नाही.

नूतनीकरण विसरलो तर?

नोंदणी संपते आणि त्या दिवसापासून तुम्ही बिननोंदणीचे. पाच वर्षं मोठी वाटतात, म्हणूनच लोक विसरतात. प्रमाणपत्रावरची तारीख कॅलेंडरात टाका आणि काही महिने आधी अर्जाला लागा. जुन्या एजंटांनाही सक्षमता प्रमाणपत्र लागतं. ते न घेतल्यामुळे २०२४ मध्ये राज्यातल्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी महारेराने स्थगित केली. त्यात वर्षानुवर्षं चांगलं काम केलेले लोकही होते. २०२३ च्या आधी नोंदणी झालेले कोणी काका-मामा तुमच्या ओळखीत असतील, तर त्यांचं प्रमाणपत्र झालं आहे का ते आजच विचारा, आणि राहिलं असेल तर प्रशिक्षणाचा अर्ज त्यांच्याशेजारी बसून भरून द्या.